शांतीचा शिक्का

वहिनींना विचारून ठरवलं असतं, तर त्या या सहलीला आल्याच नसत्या. पण विचारलं कुणी? मुलीने एक दिवस तिकिटंच समोर ठेवली. बुद्धाला मानणारा डोंगराळ देश, सात दिवस, सहा विहार, चार स्तूप, सोबत माहीतगार गाईड, आणि डोंगर किती ते मोजायचंच नाही.

"अगं, तुला नववा लागलाय," वहिनी म्हणाल्या.

"लागलाय, सरला नाहीये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून पंधरा-वीस दिवस आहेत. नंतर वर्षभर तुला जागचं हलता येणार नाही. जाऊन ये ना, आई."

वहिनी मुलीच्याच घरी राहत. त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावई पेपर वाचत बसला होता. त्याने पेपर घडी करून ठेवला, उठला आणि कालच पुसलेला पंखा पुन्हा पुसायला घेतला.

खोली दोघींत एक असल्यामुळे जोडीला वन्सं आल्या. वन्सं म्हणजे वहिनींची धाकटी नणंद. त्यांचं तोंड सकाळी उघडे ते झोप लागल्यावरच मिटे, आणि झोपेतही पूर्ण मिटत नसे. त्या पहिल्याच दिवशी विमानतळावर "वहिनी, माझी पिशवी धर गं!" असं ओरडल्या आणि तेव्हापासून गाईडसकट अठरा जणांची अख्खी बस वहिनींना वहिनीच म्हणू लागली.

वहिनींचे नेम होते. पहाटे पाचला उठायचं, गार पाण्याने आंघोळ करायची, दिवा लावायचा, अकरा माळा जप करायचा. दुपारी बारापर्यंत मौन. जेवण एक वेळ. एकोणीस वर्षांत त्यातला एकही मोडला नव्हता आणि त्याचा त्यांनी कधी गवगवाही केला नव्हता. गवगवा करायला वन्सं होत्या.

"आमच्या वहिनी बारापर्यंत बोलत नाहीत," वन्सं बसमध्ये सगळ्यांना सांगत. "त्यांचं मी बोलते. वहिनी म्हणतायत, खिडकीची जागा वन्संना द्या."

वहिनी तसं काही म्हणत नसत. पण बाराच्या आत सांगणार कसं?

गाईड किडकिडीत, हातात पिवळं निशाण आणि गळ्यात शिट्टी घातलेला. त्याच्याकडे छापील कार्यक्रम होता आणि त्या कागदावर त्याची अशी काही श्रद्धा होती, की समोर अख्खा डोंगर कोसळला असता तरी त्याने आधी कागदात पाहिलं असतं. दिवस दुसरा: साडेनऊ ते दहा, जुन्या विहाराचं दर्शन. दहा ते सव्वादहा, जीवनाची क्षणभंगुरता. सव्वादहा, स्वच्छतागृह. दिवस चौथा: सव्वाअकरा ते पावणेबारा, अंतर्मुख होणे. पावणेबाराला त्याने शिट्टी मारली आणि सगळे बहिर्मुख होऊन चहाला गेले. प्रवाशांतले एक दंतवैद्य थोडे उशिरा आले, तर त्यांना म्हणाला, "डॉक्टर, इतकं खोल जायचं नाही. पुढचा घाट लागतो."

वहिनींना मात्र तो देश आवडला. पांढरे स्तूप, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका, ओळीने उभी असलेली प्रार्थनाचक्रं. लाल वस्त्रांतले म्हातारे भिक्खू ती चक्रं फिरवत संथ चालले, की वहिनींचे हात आपोआप जोडले जात. देव वेगळा असला तरी नेम ओळखू येतो, असं त्यांना वाटे. फक्त एक गोष्ट त्यांना कळेना. सकाळी त्या नाश्त्याच्या खोलीत नुसत्या येऊन बसल्या, की शेजारचा माणूस दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा थांबे. निवृत्त पोस्टमास्तर तिसऱ्या दिवशी त्यांच्या समोर बसले आणि एकाएकी उठून धाकट्या भावाला फोन लावायला गेले. दंतवैद्य तर पाचला उठू लागले आणि दिवसभर बसमध्ये पेंगत राहिले. वहिनी कुणाला काही म्हणाल्या नव्हत्या. नुसत्या हसून बाजूला सरकल्या होत्या.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"आई, घाबरू नकोस हं. आज तपासलं. पोटातलं पाणी जरा कमी झालंय. उद्या संध्याकाळी ॲडमिट व्हा म्हणतायत. बहुतेक उद्या रात्री नाहीतर परवा सकाळी."

"मी उद्या रात्री पोचते," वहिनी म्हणाल्या. "साडेसातचं विमान आहे. थेट दवाखान्यातच येते."

पलीकडून मुलगी म्हणाली, "बरं." त्या 'बरं'त काय होतं ते वहिनींना कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यापायी त्यांचा जप दोनदा चुकला.

सातव्या दिवशी साडेआठ वाजता बस सीमेच्या नाक्यावर थांबली. विमानतळ नाक्याच्या पलीकडे, दोन तासांच्या वाटेवर. दगडी बैठी इमारत, पुढे लांब ओटा, ओट्यावर बाकडी, कुंड्यांत लाल फुलं. दारावर पाटी: बाहेर जाणाऱ्यांची शांती तपासणी. वेळ साडेआठ ते चार.

"कसली तपासणी?" दंतवैद्यांनी विचारलं.

"शांतीची," गाईड म्हणाला. "या देशात माणूस शांती मिळवायला येतो. ती न मिळवता बाहेर पडला, तर बाहेर जाऊन काय सांगेल? देशाचं नाव खराब. म्हणून जाताना बघतात, मिळाली का. मिळाली की शिक्का."

"हे तुम्ही आधी नाही सांगितलंत!"

"एकतीस सहली केल्या, डॉक्टर. कुणी नापासच झालं नाही, मग सांगायचं काय? आणि परवाना आपला सगळ्यांचा मिळून एक आहे. गेलो तर अठराही जाणार, राहिलो तर अठराही राहणार."

"आमच्या वहिनी पुढे," वन्संनी जाहीर केलं. "शांतीत त्यांचा हात कुणी धरणार नाही. वहिनी म्हणतायत, आधी वन्संना जाऊ द्या."

आत एक मोठी उजेडाची खोली होती. मध्ये समोरासमोर दोन खुर्च्या. भिंतीला एक लांब बाक. कोपऱ्यातल्या टेबलाशी शिक्केवाल्या बाई, त्यांच्या पुढ्यात शिक्का, गादी, घड्याळ आणि एक पितळी घंटा. एका खुर्चीत तपासनीस साहेब. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, आणि एका गालावर उशीचे वळ. गेली बावीस वर्षं आपल्याकडच्या प्रवाशांसमोर बसून बसून त्यांना आपली भाषा छान येऊ लागली होती.

"मी जन्माचा अस्वस्थ माणूस," साहेबांनी समजावून सांगितलं. "घरी मला झोप येत नाही. बायकोसमोर नाही, भावासमोर नाही. फक्त शांत माणूस समोर बसला, तरच डोळा लागतो. म्हणून सरकारने मला इथे नेमलं. तुम्ही बसायचं. दहा मिनिटांत मी झोपलो, तर तुम्ही पास. बाई शिक्का मारतात, मग घंटा वाजवून मला उठवतात. आमच्या घराण्यातच आहे हे. वडील याच खुर्चीत झोपायचे."

पोस्टमास्तर बसले. सहा मिनिटांत साहेबांची मान कलली. दंतवैद्यांसमोर चार मिनिटं. मग वन्सं बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांनी आपल्या गुडघ्याची कहाणी सुरू केली: आधी डावा दुखायचा, मग तेल लावलं, मग डावा राहिला आणि उजवा लागला, मग उजव्याला तेच तेल लावलं. तेल संपायच्या आत साहेब घोरू लागले. दोन मिनिटं पाच सेकंद. शिक्केवाल्या बाईंनी ते लाल शाईने वेगळ्या वहीत लिहिलं. असा आकडा त्या खोलीत कधी झाला नव्हता.

"मी मुळातच शांत," वन्सं बाहेर येऊन म्हणाल्या. "फक्त आवाज मोठा."

सगळ्यात शेवटी वहिनी गेल्या. ताठ बसल्या. पदराखाली माळ, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर एक रेघ हलत नव्हती. साहेब आशेने खुर्चीत रेलले.

दोन मिनिटं गेली. साहेबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. चार मिनिटं गेली. त्यांनी खिशातून कंगवा काढून भांग नीट केला. सहाव्या मिनिटाला ते उठले, भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर सरळ केलं आणि परत येऊन बसले. दहाव्या मिनिटाला त्यांचे डोळे बशीएवढे उघडे होते.

"बाई," ते शिक्केवाल्या बाईंना हळूच म्हणाले, "मी आज आंघोळ केली होती ना?"

"केली होती की, साहेब. केस ओले होते."

"तरी नीट नाही केली असं वाटतंय."

"नापास," बाई म्हणाल्या. "अर्ध्या तासाने पुन्हा या."

बाहेर ओट्यावर हलकल्लोळ झाला. वहिनी नापास! गाईडने कागद पाहिला, पण कागदात हे नव्हतं. वहिनींना मात्र वाटलं, चूक आपलीच. आज अकरा माळा घाईत झाल्या, मन मुलीकडे होतं, एकाग्रता नव्हती. त्या ओट्याच्या टोकाला बसल्या आणि डोळे मिटून आणखी पाच माळा केल्या. मग पुन्हा आत गेल्या.

या वेळी साहेबांनी टेबलाचे खण आवरले, नखं कापली, आणि शिक्केवाल्या बाईंच्या पेन्सिलींना टोकं काढून दिली.

वहिनींनी बाहेर येऊन आणखी सात माळा केल्या.

"वहिनी, पुरे कर गं!" वन्सं म्हणाल्या. "तुझा जप वाढला की त्याचं काम वाढतंय. अजून एक बैठक झाली तर तो भिंतींना रंग देईल."

मग आणखी एक भानगड निघाली. शिक्का तीनच तास टिकतो, असं बाईंनी खिडकीतून सांगितलं. शांतीच ती, किती वेळ धरून ठेवणार माणूस? साडेबाराच्या सुमाराला सगळ्यांचे शिक्के बाद व्हायचे होते. हे ऐकून दंतवैद्य इतके ओरडले, की त्यांचा शिक्का बाईंनी जागच्या जागी बाद केला. ते पाहून पोस्टमास्तर गाईडवर ओरडले. त्यांचाही गेला. सव्वाअकरापर्यंत शिक्के फक्त वन्सं आणि ड्रायव्हरचे उरले होते, आणि ड्रायव्हरला मुळात शिक्का लागतच नव्हता.

तिसऱ्या वेळी साहेब वहिनींसमोर बसले ते जवळजवळ कळवळून.

"बाई, तुमच्याशी माझं वैर नाही. तुम्ही चांगल्या आहात, ते दिसतंय. बावीस वर्षांत इतकं स्थिर माणूस मी पाहिलं नाही. पण तुमच्यासमोर बसलं, की मला सारखं वाटतं, माझं काहीतरी करायचं राहिलंय. काय ते आठवत नाही. पण राहिलंय. मग डोळा लागेल कसा?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. बारा वाजायचे होते. पण त्या बाहेर येऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे जावई आला, दोनदा पुसलेला पंखा आला, नाश्त्याच्या खोलीत अर्धवट ठेवलेल्या ताटल्या आल्या. आणि सगळ्यात शेवटी ते 'बरं' आलं. माळ हातात होती, पण मणी पुढे सरकेना.

बाराला वीस मिनिटं असताना फोन वाजला. मुलीचा.

वहिनींनी फोन कानाला लावला. बाराच्या आत मुलगी कधी फोन करत नसे. तिला नेम ठाऊक होता.

"आई, ऐकतेस ना? कळा सुरू झाल्यासारखं वाटतंय. अजून लांब लांब येतायत. आम्ही संध्याकाळची वाट नाही बघत, आत्ताच निघतोय." मग श्वास घेतल्याचा आवाज. "आई, मला माहितेय बारा वाजले नाहीत. पण बोल ना काहीतरी."

ओट्यावरचे सतरा जण फोनकडे सरकले. वन्सं सगळ्यांत पुढे.

"बोलते," वहिनी म्हणाल्या. एकोणीस वर्षांनी सकाळचा आवाज निघाला तो घोगरा, त्यांनाच अनोळखी. "बोलते गं. आधी एक सांग. मला सहलीला का पाठवलंस?"

"आई, आत्ता?"

"आत्ताच. मी रागावणार नाही."

"तू रागावत नाहीस, तेच तर!" मुलगी म्हणाली आणि रडू लागली, की हसू लागली, ते कळेना. "तू कधीच काही म्हणत नाहीस. पाचला उठतेस, पावलं न वाजवता दिवा लावतेस, मी लोळत पडलेली असते. तू हातानेच खुणावतेस, झोप गं. मग मला झोप लागते का? मग मी उठून कपाट आवरते. नवव्या महिन्यात, आई! त्याने तर घरातल्या सगळ्या पंख्यांचा रंग घालवलाय पुसून पुसून. मला फक्त आठ दिवस लोळायचं होतं."

वहिनींनी विचारलं, "लोळलीस का?"

"पोटभर."

"मग आता मी… नको येऊ का?"

फोनवर मुलगी कळ येऊन गेल्यासारखी थांबली. वहिनींना वाटलं, यापेक्षा आपण मौनातच बऱ्या होतो.

"ये ना," मुलगी म्हणाली. "आता लोळायचं नाहीये मला. आता भीती वाटतेय. ये तू."

फोन बंद झाला. वन्सं जवळ येऊन बसल्या. "वहिनी म्हणतायत…" त्यांनी सवयीने सुरुवात केली, मग स्वतःच थांबल्या. "काय म्हणतेस गं?"

"मला आज पोचायचंय, वन्सं."

"पोचशील."

पण पोचायचं कसं? बारा ते दोन कचेरी बंद. दोननंतर सगळ्यांची तपासणी पहिल्यापासून. आणि आता पासच कुणी होईना. पोस्टमास्तर भावाची आठवण काढून बसले होते, दंतवैद्य खुर्चीत बसून दात खात होते, गाईड साहेबांसमोर बसल्या बसल्या कागद चाचपत होता. वन्संनी गुडघ्याची कहाणी पुन्हा लावून पाहिली. पण मन भाचीकडे होतं, त्यामुळे डाव्या-उजव्याचा घोटाळा झाला आणि साहेब मध्येच म्हणाले, "नाही, आधी डावा म्हणाला होतात."

सव्वातीन झाले. साहेबांचे डोळे गुंजेसारखे लाल झाले होते. मान टेकवायला जावी आणि खाडकन सरळ व्हावी, असं त्यांचं चाललं होतं. "दहापासून एक डुलकी नाही," ते कुणाला तरी सांगत होते, कुणाला ते त्यांनाही कळत नव्हतं. "घरी झोप नाही, आता इथेही नाही. नोकरी जाणार माझी. आणि राहिलंय काय ते अजून आठवत नाही."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, आणि हे तोंड त्यांना ओळखीचं वाटलं. मुलगी सात महिन्यांची असताना दात येत होते. तीन दिवस तीन रात्री झोपली नव्हती. झोप डोळ्यांत मावत नव्हती आणि येतही नव्हती. असंच लाल, असंच केविलवाणं तोंड करून जगाकडे बघत होती. त्या वेळी वहिनींना एकही नेम नव्हता. ओच्यात काय सांडलं आणि केस कधी विंचरले, ते ठाऊक नव्हतं. पण पोर शेवटी त्यांच्याच मांडीवर झोपली होती.

वहिनी आत गेल्या. माळ पिशवीत टाकली. आपली खुर्ची उचलली आणि भिंतीच्या बाकाशी नेऊन ठेवली.

"साहेब, इथे आडवे व्हा."

"नियमात बसत नाही."

शिक्केवाल्या बाईंनी घाईघाईने नियमांचं पुस्तक उघडलं. त्यांनाही घरी जायचं होतं. "खुर्च्या दोन असाव्यात, एवढंच आहे. त्यात बसलंच पाहिजे असं कुठे नाही. व्हा आडवे, साहेब."

साहेब बाकावर आडवे झाले, कुशीवर, गुडघे पोटाशी. वहिनी शेजारी बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हळूहळू थोपटू लागल्या. परका, मिशीवाला, सरकारी नोकरीतला पुरुष. एकोणीस वर्षांच्या नेमांत हे कुठेच बसत नव्हतं. पण हात आठवणीने चालू लागला होता.

"पाठीवर नको, खांद्यावर थोपट," वन्सं दारातून कुजबुजल्या. वन्संची कुजबुज म्हणजे इतरांचं बोलणं. "मोठा माणूस आहे तो."

"गप्प बसा, वन्सं," वहिनी म्हणाल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. वन्सं इतक्या चकित झाल्या, की खरोखरच गप्प बसल्या.

"बाई," साहेब डोळे मिटून म्हणाले, "माझं काहीतरी राहिलंय हो."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या.

"आज करायला हवं होतं."

"राहू दे. उद्या करू. काही बिघडत नाही."

हे शब्द आपल्या तोंडून इतक्या सहज निघाल्याचं वहिनींना स्वतःलाच नवल वाटलं. घरी हे कधी म्हटलं होतं का आपण? कुणाला? त्या आठवून पाहू लागल्या, आणि मग तेही राहू दे म्हणाल्या. नुसतं हं-हं करत थोपटत राहिल्या. साहेबांचा एक पाय बाकावरून खाली घसरला. मग तोंड किंचित उघडलं. मग असा एक घोर निघाला, की खिडकीची काच थरथरली.

तीन वाजून बावीस मिनिटं. शिक्केवाल्या बाईंनी वहिनींच्या कागदावर शिक्का मारला, पण आवाज होऊ नये म्हणून खाली आपला रुमाल चार पदरी घालून. मग त्यांनी दारातल्या लोकांना बोटाने खूण केली. एकेक जण चपला हातात घेऊन चवड्यांवर आत आला. आता साहेब नेमके कुणासमोर झोपलेत, हे विचारण्यात कुणालाच रस नव्हता. दंतवैद्य आले, पोस्टमास्तर आले, सगळे आले. गाईड आला, त्याला शिट्टीची सवय, म्हणून वन्संनी आधी ती त्याच्या गळ्यातून काढून घेतली. अठरा शिक्के झाले. बाईंनी घंटा उचलली, साहेबांकडे पाहिलं, आणि घंटा खणात ठेवून खण बंद केला.

वहिनींनी हात हळूच काढून घेतला. साहेब हलले नाहीत.

बाहेर ड्रायव्हरने किल्ली लावली आणि सगळ्यांनी एकदम हात हलवून त्याला थांबवलं. त्या बसचं इंजिन सुरू झालं की तीन डोंगर जागे होत. आणि साहेब जागे झाले, तर चार वाजायच्या आत शिक्के पुन्हा तपासायचा त्यांना अधिकार होता.

"ढकला," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी म्हणतायत, ढकला," वन्संनी सांगितलं. हे या सात दिवसांतलं त्यांचं पहिलं खरं भाषांतर.

मग अठरा माणसं बसच्या मागे लागली. पुढे उताराचा घाट होता. चपला अजून हातात होत्या, त्या काखेत मारल्या. गाईड निशाण दातांत धरून ढकलत होता. पोस्टमास्तर मोजत होते, पण मनातल्या मनात, त्यामुळे कुणाचाच जोर एका वेळी लागत नव्हता. वहिनी मधोमध होत्या, दोन्ही तळवे बसच्या धुळीत रोवून, पदर कमरेला खोचून. दिवसातलं एकच जेवण त्यांनी आज केलंच नव्हतं, आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. बस आधी रुसल्यासारखी उभी राहिली, मग एक वीत सरकली, मग दोन, आणि मग एकदम चालूच लागली. मग तिच्यामागे पळायची वेळ आली. वन्संच्या गुडघ्यांपैकी कोणता दुखतो हे त्या दिवशी कुणाला कळलं नाही, कारण त्या सगळ्यांच्या आधी दारात चढल्या.

नाक्याच्या खालच्या वळणावर फाटक होतं. पहारेकऱ्याने शिक्के पाहिले. धापा टाकणारी, धुळीने माखलेली, चपला हातात घेतलेली अठरा शांत माणसं त्याने जन्मात पाहिली नव्हती. पण शिक्के खरे होते. त्याने आडवा बांबू वर केला.

पुढच्या वळणावर ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. बसमध्ये सगळे एकदम बोलू लागले. दंतवैद्य हसता हसता पोस्टमास्तरांच्या मांडीवर थापा मारत होते. गाईड कार्यक्रमाच्या कागदावर काहीतरी खोडत होता.

घाट उतरल्यावर फोनला रेंज आली. मुलीचा मेसेज होता. 'ॲडमिट झाले. कळा वाढल्यात. डॉक्टरीणबाई म्हणतात अजून बरेच तास आहेत. खोलीत एकच माणूस चालतं. त्याला सांगितलंय, तू आलीस की त्याने बाहेर बसायचं.'

वहिनींनी तो दोनदा वाचला. मुलीला त्या रोज दुपारी बारानंतर लांबलचक मेसेज लिहीत. कधी औषधाची वेळ, कधी कुठल्या कुशीवर झोपावं ते, कधी जपाला बसलं तर किती बरं वाटेल ते. आजही बोटं त्याच वळणाने निघाली. 'घाबरू नकोस, दीर्घ श्वास घे, आणि शक्य असल्यास…' इथवर लिहून त्या थांबल्या. सगळं पुसलं. मग एकच शब्द लिहिला: 'येते.' आणि पाठवून दिला.

वन्सं खांद्यावरून वाकून बघतच होत्या. "एवढंच? बाकीचं काही नाही सांगायचं?"

"नाही."

वन्संनी वहिनींच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्यांनी आपली शाल काढून वहिनींच्या मांडीवर टाकली, खिडकीची जागा सोडून तिथे त्यांना सरकवलं आणि म्हणाल्या, "विमानतळ यायला अजून दीड तास आहे. पड जरा. मी आहे जागी."